एमाचं विष, फ्लोबेरची जीभ

कादंबरीकाराच्या मुलाखतीत 'परकायाप्रवेश' हा शब्द कधी ना कधी येतोच. पात्र अंगात शिरलं, त्याचं मरण लिहिलं आणि दोन दिवस घास उतरला नाही, असं लेखक सांगतो. ऐकणारे एकतर भारावतात, नाहीतर 'ही मंडळी वाढवूनच सांगतात' म्हणून सोडून देतात. मला दोन्ही पटत नाही. घास न उतरणं ही शरीरातली खरीखुरी घडामोड आहे, आणि तिची मेंदूपासून पोटापर्यंतची वाट आता बरीचशी कळलेली आहे.

फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर याचंच बघा. 'मादाम बोव्हारी'ची नायिका एमा शेवटी आर्सेनिक खाऊन जीव देते. कादंबरी १८५६ साली प्रसिद्ध झाली. दहा वर्षांनी, १८६६ मध्ये, इप्पोलित तेन या समीक्षकाला लिहिलेल्या पत्रात फ्लोबेर सांगतो की ते विषप्राशन लिहिताना त्याच्या तोंडात आर्सेनिकची चव इतकी दाटली होती की दोनदा पोट बिघडलं आणि रात्रीचं सगळं जेवण उलटून पडलं.

इथे एक गंमत आहे, आणि मला ती फार आवडते. त्या काळी औषधवाल्याकडे मिळणाऱ्या पांढऱ्या आर्सेनिकला जवळजवळ चवच नसते. म्हणून तर विष घालणाऱ्यांचं ते लाडकं होतं. कादंबरीत मात्र एमाच्या तोंडात शाईसारखी घाण चव रेंगाळते. म्हणजे फ्लोबेरने ती पूड खरोखर जिभेवर ठेवली असती, तरी ही चव आली नसती. ती आली कुठून?

आत्ता 'चिंच' हा शब्द टाइप केला आणि माझ्या जबड्याच्या कोपऱ्यात बारीकशी कळ येऊन तोंडाला पाणी सुटलं. घरात चिंच नाही. मेंदू जिभेच्या निरोपाची वाट बघत थांबत नाही, तो आधीच अंदाज बांधून तयारीला लागतो. कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या खोल घडीत 'इन्सुला' नावाचा भाग दडलेला आहे. चव, छातीतली धडधड, पोटातली कालवाकालव, या सगळ्याची खबर तिथे पोचते. अनेक मेंदूशास्त्रज्ञांच्या मते तिथे दोन प्रवाह मिळतात: शरीराकडून वर येणारी खबर आणि मेंदूकडून खाली उतरणारा अंदाज. खबर स्पष्ट असेल तर अंदाज सुधारला जातो, धूसर असेल तर अंदाजच खरा वाटू लागतो. डोळ्यांची खबर सहसा स्पष्ट असते, पोटाची कायम धूसर. म्हणून एमा डोळ्यांसमोर प्रत्यक्ष उभी राहिलेली दिसत नाही, पण तिची मळमळ मात्र पोटात उतरते. इन्सुलाकडून मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभाकडे, तिथून व्हेगस मज्जातंतूने जठराकडे, आणि जठराची लय बिघडते.

२००८ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी हे स्कॅनरमध्ये पाहिलं. त्याच माणसांना कधी कडू द्रव चाखायला दिला, कधी दुसऱ्याचा किळसलेला चेहरा दाखवला, कधी किळसवाणा प्रसंग वाचून कल्पनेत आणायला सांगितला. तिन्ही वेळा इन्सुलाचा पुढचा भाग जागा झाला. मात्र त्याचं मेंदूच्या इतर भागांशी असलेलं जाळं तिन्ही वेळा वेगळं होतं. जंक्शन एकच, पण गाड्या वेगळ्या मार्गांवरून येणाऱ्या.

वाचक एमाचं मरण तासाभरात वाचून उठतो. फ्लोबेर त्या कादंबरीसोबत साडेचार वर्षं राहिला. तो एकेक वाक्य मोठ्याने ओरडून पारखायचा. एकच त्रासदायक विचार मनात घोळत राहिला की शरीराची ताणावस्था लांबते, हे चिंता करणाऱ्यांच्या अभ्यासातून माहीत आहे. पुनर्लेखनात तर लेखक ते घोळवणं मुद्दाम, रोज सकाळी टेबलाशी बसून करतो.

'अंगात आलं' म्हणायला इथे कुठलीही बाहेरची शक्ती लागत नाही. डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी एडिंबरा पुस्तक महोत्सवातल्या १८१ लेखकांना विचारलं, तेव्हा ६३ टक्के लेखकांनी पात्रांचे आवाज ऐकू येतात असं सांगितलं. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. एवढ्या सगळ्यांना काही भुताने झपाटलेलं नाही, आणि ते वेडेही नाहीत. तसंच 'होरपळल्याशिवाय साहित्य होत नाही' हे कौतुकही थांबायला हवं. त्या कौतुकापायी झोप उडालेला लेखक डॉक्टरकडे जायचं टाळतो.

१९९६ साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलींवर एक प्रयोग झाला. काहींनी स्वतःवरचा आघात लिहिला, काहींनी आपल्यावर कधीच न आलेला, कल्पनेतला आघात, तर काहींनी किरकोळ गोष्टी. पुढच्या महिन्यात आघात लिहिणाऱ्या दोन्ही गटांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या किरकोळ लिहिणाऱ्यांपेक्षा कमी होत्या. थकवा मात्र खरा आघात लिहिणाऱ्या मुलींना जास्त जाणवला. कल्पनेतलं दुःख लिहिणाऱ्यांना लिहून होताच रागही आला होता, भीतीही वाटली होती, पण खिन्नता त्यांच्यात खरा आघात लिहिणाऱ्यांपेक्षा कमी होती.