परक्यांची भेट आणि आपली ओळख : पार्श्वभूमी

परक्या संस्कृतीतील माणसे भेटली की स्वतःकडे पाहण्याची नजर बदलते, हा अनुभव जुनाच. इ.स. 1030 च्या सुमारास हिंदुस्थानावर लिहिणाऱ्या मध्य आशियाई विद्वानाने इथल्या लोकांच्या आत्मतुष्टीवर नेमके बोट ठेवले होते. यांचे पूर्वज एवढ्या संकुचित वृत्तीचे नव्हते, असेही त्याने नोंदवले. मात्र या विषयाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फारसा झाला नाही, आणि झाला तेव्हाही त्याचा रोख 'मी कोण' याकडे नव्हता. समोरच्याविषयीच्या पूर्वग्रहाकडे होता.

1951 मध्ये अमेरिकेतील सरकारी घरवसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या वसाहतींत वंश न पाहता घरे दिलेली, तर नेवार्कमध्ये एकाच वसाहतीत गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या इमारती वेगळ्या. शेजारी राहणाऱ्या गोऱ्या गृहिणींची मते स्पष्टपणे मवाळ आढळली. 1954 मध्ये यावर सिद्धांत उभा राहिला : समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि अधिकाऱ्यांचा वा कायद्याचा पाठिंबा असेल, तर संपर्काने पूर्वग्रह कमी होतो.

'आपण' हा शब्द किती सहज चिकटतो, हे 1970 मध्ये ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवरील प्रयोगाने दाखवले. पडद्यावर झपकन दाखवलेल्या ठिपक्यांची संख्या मुलांनी अंदाजाने सांगायची. त्यावरून दोन गट पाडले असे त्यांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात वाटणी कशीही केलेली होती. मग प्रत्येकाने कागदावरील आकड्यांच्या जोड्यांतून निवड करून इतर दोन मुलांना पैसे वाटायचे. स्वतःच्या पदरात काही पडणार नव्हते. तरीही मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. त्याच मालिकेतल्या पुढच्या प्रयोगात तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळावे, याकडे मुलांचा कल दिसला. ना जुने वैर, ना वेगळी भाषा. इथून 1979 पर्यंत सामाजिक ओळखीचा, म्हणजे माणूस 'मी कोण' हे काही अंशी आपल्या गटावरून ठरवतो असे सांगणारा, सिद्धांत आकाराला आला आणि अभ्यासाची दिशा आतल्या बाजूला वळली.

पुढच्या दशकातला वाद मात्र आजही मिटलेला नाही. परक्याला भेटताना आपली ओळख बाजूला ठेवायची की सोबत घेऊन जायचे? 1984 मध्ये एका बाजूने मांडले गेले की माणसांनी निव्वळ व्यक्ती म्हणून भेटावे, गटाचा विसर पडू द्यावा. ऐकायला हे उदार वाटते. 1986 मध्ये ब्रिटनमधून त्यावर आक्षेप आला, आणि तो फार मोलाचा आहे : गट विसरून मैत्री झाली तर बदल त्या एका माणसापुरताच राहतो. 'तू तुझ्या लोकांसारखा नाहीस' हे वाक्य कौतुकाने म्हटले जाते. ज्याला ऐकावे लागते त्याच्या मात्र ते जिव्हारी लागते, कारण मैत्रीच्या बदल्यात त्याचे लोक त्याच्यापासून तोडलेले असतात. 1993 मध्ये तिसरी वाट पुढे आली, दोघांना सामावणारी मोठी ओळख घडवण्याची. पण अशा मोठ्या ओळखीवर बहुसंख्याकांचाच ठसा उमटतो, हे अल्पसंख्याकांना कुणी समजावून सांगावे लागत नाही. 1998 मध्ये समेटाचा प्रयत्न झाला : आधी व्यक्ती, मग गट, शेवटी सामाईक ओळख, असे टप्पे. कागदावर हे नीट बसते. प्रत्यक्षात अनेक भेटी शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

स्वतःच्या ओळखीचा प्रश्न ठळकपणे पुढे आला तो 1997 मध्ये. पश्चिम युरोपातील चार देशांच्या 3,806 लोकांच्या उत्तरांवरून दिसले की दुसऱ्या गटातील मित्र असणाऱ्यांचा पूर्वग्रह कमी असतो, आणि आपल्या राष्ट्राचा अभिमानही काहीसा कमी असतो. आपली रीत ही अनेक रीतींपैकी एक आहे हे उमगण्याला मुळे तुटणे म्हणणे चुकीचे ठरेल. मोकळ्या मनाची माणसेच असे मित्र जोडतात, ही शंका मात्र रास्त होती. 2006 मध्ये संपर्कावरचे 515 अभ्यास एकत्र तपासले तेव्हा, भेट टाळण्याची मुभा नसलेल्यांतही पूर्वग्रह कमी होण्याचा परिणाम टिकून असल्याचे दिसले.

2018 मधील सहा अभ्यासांत, 1,874 जणांच्या माहितीवरून, परदेशी राहिलेल्यांना स्वतःविषयी अधिक स्पष्टता असल्याचे आढळले. किती देश पाहिले याने फरक पडत नव्हता, किती काळ राहिले याने पडत होता. आपले कोणते वागणे स्वतःचे आणि कोणते केवळ घरच्या वळणातून आलेले, हे ही माणसे परक्या ठिकाणी ताडून पाहत होती. युद्धामुळे देश सोडावा लागलेल्यांना हा निष्कर्ष सरसकट लावता येत नाही. त्यांना ही पारख करण्याइतकी उसंत क्वचितच मिळते.