पोर्ट लुई संध्याकाळी रिकामं का होतं?

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई. क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, बोलणारे लोक तिला ‘पोर्लवी’ म्हणतात. दिवसभर इथे पाय ठेवायला जागा नसते. बंदर, बँका, न्यायालय, संसद, मध्यवर्ती बाजार, सगळं एकाच पट्ट्यात आहे. संध्याकाळी दुकानांची शटरं खाली येतात आणि तासा-दोन तासांत व्यापारी भाग सुनसान होतो. शहरात राहणारे साधारण दीड लाख, पण कामासाठी येणारे कितीतरी जास्त, आणि ते सगळे वर डोंगरपठारावरच्या गावांकडे परततात. ही सवय आजची नाही. तिच्यामागे वारा, ताप आणि साखर यांचा जवळपास तीनशे वर्षांचा इतिहास आहे.

डच लोक १६३८ मध्ये या बेटावर वस्तीला आले आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. त्यांचं मुख्य ठाणं आग्नेय किनाऱ्यावर होतं. तिथे वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, त्यामुळे जहाज आत शिरायचं सहज, पण बाहेर काढताना खलाशांचे हाल. १७१५ मध्ये बेट फ्रेंचांकडे आलं आणि १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून माहे द ला बूर्दोने आला. त्याने वायव्येकडचं बंदर निवडलं, कारण मागे ल पूस आणि पीटर बोथ हे डोंगर वारा अडवतात. गोदी, कोठारं, इस्पितळ, पाण्याचा कालवा हे सगळं त्याने उभं केलं. हातकाम मात्र मादागास्कर आणि मोझांबिकहून आणलेल्या गुलामांचं होतं, आणि पुद्दुचेरीकडून आलेल्या तमिळ कारागिरांचं. वस्तीही तशीच वाटली गेली. मधोमध गोरे, पूर्वेकडे ‘मलबार’ म्हणवले जाणारे भारतीय, पश्चिमेकडे मुक्त काळे लोक. शहराच्या नकाशात हा वाटा अजून ओळखता येतो.

जहाजांना आसरा देणारे हेच डोंगर शहराचा श्वास कोंडतात. वारा अडला की खालच्या खोलगट भागात उकाडा साचतो, आणि पाऊस जोराचा झाला की उतारावरचं सगळं पाणी शहरातच येतं. बंदर म्हणून जागा उत्तम होती, राहायला कठीण. पुढचं बरंचसं यातूनच घडलं, असं मला वाटतं.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. कायदे, भाषा आणि धर्म फ्रेंचच राहू दिले, म्हणून आजही वर्तमानपत्रं बहुतांश फ्रेंचमध्ये निघतात. १८१२ मध्ये शाँ द मार्स मैदानावर घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. जिंकलेले आणि हरलेले एकत्र बसावेत हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. १८१६ च्या आगीत लाकडी घरांचा मोठा भाग जळाला, आणि त्यानंतर दगडी बांधकाम वाढलं. रस्ते आणि पूल बांधायला मुंबई आणि बंगाल इलाख्यांतून काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी आणले होते. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन इथे उतरला तेव्हा त्याने या कैद्यांची आवर्जून नोंद केली.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी इथली गुलामगिरी संपली. बेटावर तेव्हा साठ हजारांहून अधिक गुलाम होते. भरपाई मिळाली ती मालकांना, सुमारे वीस लाख पौंड. राबलेल्यांच्या हाती काहीच आलं नाही. या अन्यायाचा उल्लेख बहुतेक इतिहासांत एका ओळीत उरकतात, पण शहराच्या कडेच्या क्रिओल, म्हणजे गुलामांच्या वंशजांच्या, वस्त्यांची गरिबी याच हिशेबातून आली आहे.

बेटावरच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून ३६ भारतीय उतरले, आणि पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत सुमारे साडेचार लाख आले. कोलकाता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून त्यांची जहाजं सुटत. १८४९ मध्ये बंदरालगत त्यांच्यासाठी नोंदणीचं ठाणं बांधलं. त्याला कुली घाट म्हणत, १९८७ पासून आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. धक्क्यावरून आत नेणाऱ्या सोळा पायऱ्या अजून आहेत. आलेला माणूस इथे साधारण दोन रात्री थांबे. त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात लिहून घेत, त्याला क्रमांक देत, आणि मग तो मळ्याकडे चालू लागे.

म्हणजे लाखो भारतीयांसाठी पोर्ट लुई हा फक्त दरवाजा होता. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसं होती. त्यांचे वंशज आज प्रामुख्याने पश्चिमेकडे कास्कावेलच्या परिसरात आणि वाकोआकडे आढळतात. आपल्याकडचं जाखडी नृत्य तिथे ‘झाकरी’ म्हणून टिकलं आहे, गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, आणि मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवलं जातं. पण राजधानीचं ‘मराठी शहर’ मात्र कधी झालं नाही, कारण या लोकांना शहरात थांबूच दिलं गेलं नव्हतं.

शहरात राहिले ते व्यापारी. गुजरात आणि कच्छमधल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी १८५० च्या दशकात रॉयल रस्त्यावर जुम्मा मशीद बांधायला घेतली. चिनी दुकानदारांचं चायनाटाऊन तिथून चार पावलांवर आहे. फादर लावाल हा फ्रेंच धर्मगुरू १८४१ मध्ये आला आणि मुक्त झालेल्या गुलामांमध्ये राहिला. १८६४ मध्ये तो वारला. सेंत-क्रुवा इथल्या त्याच्या समाधीला सप्टेंबरमध्ये हिंदू, मुसलमान, चिनी सगळेच रात्रभर चालत जातात.

मग ताप आला. १८६६ मध्ये बेटावर हिवतापाची साथ सुरू झाली. त्याआधी हा रोग इथे पसरत नव्हता. त्याचा डास जहाजांतूनच आला असावा. १८६७ मध्ये शहरात प्रेतं हजारोंनी निघाली. औषध होतं क्विनाइन, पण ते सगळ्यांना पुरणारं नव्हतं. ज्यांच्याकडे पैसा होता ते थंड पठारावर पळाले: बो बासाँ, रोझ हिल, आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरचं क्युरपिप. रेल्वे १८६४ मध्येच सुरू झाली होती, त्यामुळे वर राहून खाली कामाला येणं शक्य झालं. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि युरोप-आशियाची जहाजं या वाटेने यायची कमी झाली. एप्रिल १८९२ च्या चक्रीवादळात शहराचा मोठा भाग कोसळला आणि हजारावर माणसं गेली. १८९९ मध्ये प्लेग आला. प्रत्येक संकटात आणखी काही घरं वर गेली. १९०७ मध्ये हिवताप डासांमुळे पसरतो हे दाखवणारा रोनाल्ड रॉस त्याचा अभ्यास करायला इथे आला, पण रोग हटला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या डीडीटी फवारणीने. तोवर वर राहायची रीत दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती.

जे खाली उरले ते गरीब, छोटे दुकानदार आणि गोदी कामगार. जानेवारी १९६८ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, त्यांच्यातच क्रिओल-मुसलमान दंगल पेटली. शेजारी शेजाऱ्याला सोडून गेला, आणि प्लेन व्हर्त हा भाग मुसलमानांचा, रोश ब्वा क्रिओलांचा अशी विभागणी घट्ट झाली. १२ मार्चला त्याच शाँ द मार्सवर देशाचा झेंडा चढला. फेब्रुवारी १९९९ मध्ये रोश ब्वाचा गायक काया पोलीस कोठडीत मेला, तेव्हा संताप पुन्हा रस्त्यावर आला.

तरी दुपारी एक वाजता बाजारात जा. दालपुरीच्या गाडीपुढे मंत्रालयातला कारकून, चिनी दुकानदार, क्रिओल हमाल एकाच रांगेत असतात. ही दालपुरी म्हणजे गूळ न घातलेली, मऊ, हरभऱ्याच्या डाळीची पुरणपोळीच, वर वालाची उसळ आणि मिरचीची चटणी. बिहारची भाकरी, तमिळ मसाला आणि टोमॅटोचा क्रिओल रुगाय सॉस एका कागदात गुंडाळून मिळतात. माझ्या मते या शहराचं सगळ्यात खरं एकत्रपण इथे आहे.

१९९६ मध्ये जुन्या गोदीजवळ कोदाँ वॉटरफ्रंट उभं राहिलं, संध्याकाळी लोकांनी शहरात थांबावं म्हणून. थोडे थांबतातही. ऑक्टोबर २०२२ पासून मेट्रो पोर्ट लुई ते क्युरपिप धावते, बऱ्याच ठिकाणी त्या जुन्या रेल्वेच्याच मार्गाने. ती बांधली आपल्या लार्सन अँड टुब्रोने. म्हणजे वर-खाली जाणं आणखी सोपं झालं.

पाणी मात्र तसंच येतं. ३० मार्च २०१३ च्या पावसात शहरात ११ जण बुडाले, त्यातले बरेच कोदाँच्या भुयारी मार्गात आणि एका इमारतीच्या तळघरात. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळात कार्यालयांतून सगळ्यांना एकदम घरी सोडलं, आणि पठाराकडे निघालेल्या गाड्या रस्त्यातच पाण्यात वाहून गेल्या. त्यानंतर हवामान विभागाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.