अक्षरं थोडी, चित्रं फार: हे पुस्तक घ्यावं का?

आमच्या अंबाजोगाईच्या दुकानात चित्रपुस्तक हातात आलं की गिऱ्हाईक आधी पानं मोजतं, मग किंमत बघतं. "एका पानावर एकच ओळ? लेकरू पाच मिनिटांत संपवील. त्यापेक्षा शंभर गोष्टींचं जाड पुस्तक द्या." विचारणं रास्त आहे, पैसे कष्टाचे असतात. म्हणून हे माहितीपत्रक.

एकाच पुस्तकाचं सांगतो. पॅट हचिन्स या इंग्रज लेखिकेचं १९६८ सालचं ‘रोझीज वॉक’. अख्ख्या पुस्तकात ३२ शब्द, वाक्य एकच. रोझी कोंबडी फिरायला निघते. अंगणातून, तळ्याकाठानं, गवताच्या गंजीवरून जाते आणि जेवायच्या वेळेला घरी येते. शब्दांत एवढंच. चित्रात मात्र पहिल्यापासून तिच्या मागावर कोल्हा आहे. तो झेप घेतो, दाताळ्यावर पडतो आणि दांडा फाडकन तोंडावर बसतो. पुन्हा झेप घेतो, तो थेट तळ्यात. त्या कोल्ह्याबद्दल पुस्तकात एक अक्षर लिहिलेलं नाही.

दुकानात एका चार वर्षांच्या मुलीला हे मराठीतून सांगत होतो. पान उलटायला गेलो तर तिनं माझं मनगटच धरलं. "थांबा! तिला सांगा ना, मागं आलाय!" तिची आई शेजारीच उभी होती. तिनं प्रत्येक ओळ वाचली होती, पण कोल्हा तिला दिसलाच नव्हता.

गोष्टीशेजारी शोभेला चित्र असतं ते सचित्र पुस्तक. चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रच सांगतं. निवडताना चित्रावर तळहात ठेवा आणि नुसती ओळ वाचा. काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, तर पुस्तक चांगलं आहे.

आपल्या मुलखाला हे परकं नाही. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवून गोष्ट सांगणारे लोककलावंत. ते पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगत. त्या चित्रांची एक शैली तर पैठणच्याच नावानं ओळखली जाते. आज मराठीत माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. त्यांच्या पुस्तकांतली घरं, आज्या, शेजारीपाजारी लेकरांना लगेच ओळखीचे वाटतात. पहिलं पुस्तक घेणाऱ्याला आम्ही त्यांचंच नाव सुचवतो.

किमतीचं म्हणाल तर प्रत्येक पान चाररंगी छापलेलं असतं आणि कागद जाड लागतो. पानं बहुधा ३२ असतात, कारण मोठा कागद दुमडून १६ पानांचा फर्मा होतो आणि असे दोन फर्मे घेतात. पानांना छिद्रं किंवा झडपा असल्या की खर्च आणखी वाढतो. अमेरिकी लेखक-चित्रकार एरिक कार्ल यांच्या १९६९ च्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ या पुस्तकात सुरवंट फळं पोखरत जातो, पानांना खरीखुरी भोकं आहेत. तशी छपाई अमेरिकेत परवडेना, म्हणून पहिल्यांदा ते जपानमध्ये छापून घ्यावं लागलं.

आता वाचायचं कसं. इथं घाई करू नका, ही आमची कळकळीची विनंती. मुखपृष्ठापासून सुरुवात करा, आतल्या कोऱ्या वाटणाऱ्या पानांवरही कधी गोष्टीची खूण असते. ओळ एकदा वाचा आणि गप्प बसा. पान लेकराला उलटू द्या. ते मागं गेलं तर जाऊ द्या, त्याला काहीतरी तपासायचं असतं. "हा रंग कुठला? हे किती?" असं विचारलंत की गोष्ट संपली आणि परीक्षा सुरू झाली. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर दहाव्यांदा वाचा. दर खेपेला त्याला नवं काही सापडत असतं. सांगताना आपली घरची बोली वापरा, पुस्तकी भाषेचा आग्रह नको.

एकही शब्द नसलेली पुस्तकंही आमच्याकडं आहेत. ज्या आजीला अक्षरओळख नाही, ती नातवाला मांडीवर घेऊन ती सांगू शकते, आणि आम्ही पाहिलंय, आज्या फार रंगवून सांगतात. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक मागा.

विकत घेण्याआधी दुकानात बसून पूर्ण वाचा, लेकराला सोबत आणा. सतरंजी टाकलेली असते. घरी पान फाटलं तर लेकराला रागावू नका आणि सेलोटेप लावू नका, त्यानं कागद पिवळा पडतो. पुस्तक घेऊन या, आम्ही पातळ कागद आणि खळ लावून जोडून देतो. त्याचे पैसे घेत नाही.