इंटर्नशिपचं पत्र आणि अप्रेंटिसचा करार

मे महिन्यात शेजारचे अण्णा एक कागद आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. धाकटा मुलगा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आलेला. "पोरगं साखर कारखान्यात लागलं बघा," म्हणाले. मी कागद वाचला. सदर विद्यार्थ्यास जून महिन्यात चार आठवडे इंटर्नशिपसाठी परवानगी देण्यात येत आहे, मानधन देय नाही, सुरक्षिततेची साधने विद्यार्थ्याने स्वतः आणावीत. लागलं वगैरे काही नव्हतं. पेढा तोंडात असताना हे सांगणं अवघड जातं.

अण्णांचा तरी काय दोष? आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे, 'ट्रेनिंग'. पोरगा महिनाभर कारखाना बघायला गेला तरी ट्रेनिंगला, वर्षभर अप्रेंटिस म्हणून राबला तरी ट्रेनिंगला, आणि नोकरी लागून पहिलं वर्ष 'ट्रेनी इंजिनिअर' म्हणून काढलं तरी ट्रेनिंगलाच. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. तिथे येणारी मुलंसुद्धा "सर, अप्रेंटिसशिप पाहिजे, पंधरा दिवसांची" असं म्हणतात. पंधरा दिवसांची अप्रेंटिसशिप नसते.

इंटर्नशिप कॉलेजची असते. ती अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि तिचे क्रेडिट मिळतात. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पदवीच्या चार वर्षांत मिळून ६०० ते ७०० तास इंटर्नशिपला दिले. मुलगा तेव्हा विद्यार्थीच असतो. रिपोर्ट कॉलेजला द्यायचा, व्हायव्हा कॉलेजमध्ये द्यायची, आणि कंपनीने फक्त दार उघडून द्यायचं. कंपनीने पैसे दिले तर चांगलंच, नाही दिले तरी तक्रार कुठे करणार? दोघांत काय ठरलं ते त्या पत्रावर लिहिलं असेल तेवढंच.

अप्रेंटिसशिप कायद्याची असते. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. सुरुवातीला तो फिटर, टर्नर, वेल्डर यांच्यासाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकाधारक इंजिनिअर त्यात आले. म्हणून घरातल्या जुन्या माणसांना अप्रेंटिस म्हटलं की अजून आयटीआयच आठवतं, आणि बी.ई. झालेल्या मुलाला अप्रेंटिसला घातलं तर काहीतरी कमीपणा वाटतो. इथे करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो, मुदत ठरलेली असते आणि विद्यावेतन द्यावंच लागतं. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये ठरले. नॅट्स या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेतून घेतलं तर या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. शेवटी जे प्रमाणपत्र मिळतं ते सरकारी.

मात्र अप्रेंटिस म्हणजे कामगार नव्हे. कायदाच म्हणतो की तो शिकाऊ आहे. त्यामुळे पीएफ नाही, ईएसआय नाही. पण कामावर दुखापत झाली तर भरपाईचा हक्क याच कायद्याने दिला आहे, आणि कारखान्यातल्या आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी त्यालाही लागू आहेत. इंटर्नला असं स्वतःचं कायद्याचं छत्र नाही. म्हणून माझ्याकडे कुणी इंटर्न पाठवतो म्हटलं की मी आधी विमा आहे का विचारतो. बहुतेक वेळा समोर शांतता पसरते.

अण्णांनी लगेच विचारलं, "मग अप्रेंटिस केलं की कायम करतात का?" नाही. करारात तशी अट असेल तरच कंपनीला नोकरी द्यावी लागते आणि मुलाला ती करावी लागते. नाहीतर, २०१४ च्या दुरुस्तीपासून कलम २२ इतकंच म्हणतं की अप्रेंटिसला नंतर घ्यायचं की नाही याचं धोरण कंपनीने स्वतः ठरवावं. "घेतो की नंतर" हे तोंडी आश्वासन आमच्या भागात फार चालतं. ते कागदावर मागावं.

अजून एक मेख आहे. वर्षभराचा किंवा त्याहून जास्त कामाचा अनुभव असेल तर नॅट्समधून अप्रेंटिस होता येत नाही. काही मुलं पदवीनंतर ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दीड वर्ष काढतात आणि मग मोठ्या कंपनीची अप्रेंटिसची जाहिरात बघून अर्ज करतात. तिथे ते अपात्र ठरतात. कुणीही आधी सांगितलेलं नसतं.

कागदावरचा फरक इतकाच. खरा फरक मी अण्णांना त्यांच्याच पत्रावरून सांगितला, कारण साखर कारखान्याइतकं चांगलं उदाहरण आपल्या भागात दुसरं नाही.

मुलगा जूनमध्ये जाणार. जूनमध्ये कारखाना बंद असतो. दिवाळीच्या आसपास बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडते आणि साधारण मार्च-एप्रिलपर्यंत गाळप चालतं. त्यानंतर सगळं उघडतात. मिलचे रोलर उतरवून लेथवर ग्रूव्ह कापतात, बॉयलरच्या ट्यूब तपासतात, टर्बाइन खोलतात, पंपांचे बेअरिंग बदलतात. म्हणजे जूनमधल्या इंटर्नला यंत्राचं पोट बघायला मिळतं, पण यंत्र चालताना दिसत नाही. डिसेंबरच्या सुट्टीत गेला तर उलटं. सगळं चालू, वाफेचा आवाज, मळीचा वास, आणि सगळं झाकलेलं. एका बाजूला उभं राहून बघायचं. त्या धावपळीत कुणाला समजावून सांगायला वेळ नसतो, आणि नसावाही, कारण मिल थांबली तर बाहेर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते.

वर्षभराचा अप्रेंटिस दोन्ही बघतो. जुलैत त्याने ज्या बेअरिंगला हात लावला ते जानेवारीत तापतं, आणि तेव्हा त्याला कळतं की क्लिअरन्स, म्हणजे आतली फट, मोजताना फिलर गेजची पट्टी नीट बसली नव्हती. स्वतःच्या हातची चूक सहा महिन्यांनी समोर येते. ती गोष्ट चार आठवड्यांत शिकवता येत नाही, शिकवणारा कितीही भला असला तरी. फाउंड्रीतही तेच. उन्हाळ्यात आलेल्या इंटर्नला धातू ओतताना दिसतो आणि तो फोटो काढतो. पावसाळ्यात साच्याच्या वाळूचा ओलावा बिघडला की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची भोकं, का वाढतात, हे जो दोन्ही ऋतूंत तिथे होता त्यालाच समजतं.

मग इंटर्नशिप बिनकामाची का? मी तसं म्हणणार नाही, पण ती कशी बिनकामाची होते ते मला चांगलं माहीत आहे. माझी स्वतःची इंटर्नशिप एका कंपनीच्या स्टोअरमध्ये गेली. पंधरा दिवस मी नट-बोल्ट आकाराप्रमाणे वेगळे केले. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटवर 'उत्पादन प्रक्रियेचा सखोल अभ्यास केला' असं छापून मिळालं. त्याचा राग होता, तरी स्वतःचं शॉप टाकल्यावर पहिल्या दोन वर्षांत मीही पोरांना तेच केलं. काम अडलेलं असताना विद्यार्थी मधे येतो आणि आपण म्हणतो, जा, तो रॅक लावून घे. आता नियम केला आहे: इंटर्नला पहिल्या दिवशी एक रिजेक्ट झालेला जॉब, म्हणजे मशीनवर केलेला पण बाद ठरलेला भाग, आणि त्याचं ड्रॉइंग हातात द्यायचं, आणि का रिजेक्ट झाला ते आठवड्यात शोधून सांग म्हणायचं. मायक्रोमीटर धरायला त्यातूनच शिकतात. चारातला एखादाच कारण शोधतो. तो एखादा मी लक्षात ठेवतो.

इथे मोठा प्रश्न येतो. सांगली-साताऱ्यातला कुठलाही कारखानदार भेटला की म्हणतो, इंजिनिअर मिळत नाही. आणि कॉलेजं काय कमी आहेत? सांगलीत धोंडूमामा साठ्यांनी १९४७ मध्ये सुरू केलेलं, पुढे वालचंद झालेलं कॉलेज आहे. कराडला सरकारी कॉलेज १९६० चं. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी बुधगाव आणि साखराळ्याला कॉलेजं उभी राहिली. पदव्या भरपूर आहेत. मुलं पदवी घेतात आणि चाकण-पिंपरीची गाडी पकडतात. साताऱ्याचा मुलगा शिरवळ ओलांडून पुढे जातो, मिरजेचा तर महालक्ष्मीत बसतो. इथला कारखानदार ज्याला 'इंजिनिअर' म्हणतो तो म्हणजे ड्रॉइंग वाचून, मशीन सेट करून, ऑपरेटरशी न भांडता शिफ्ट काढणारा माणूस. तसा माणूस कॉलेजमधून तयार बाहेर पडत नाही. पुण्याला जाऊन दोन वर्षांत होतो, आणि मग परत येत नाही.

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना मांडला तेव्हा सगळ्यात जवळचं इंजिनिअरिंग कॉलेज पुण्यात होतं. माणसं कारखान्यातच घडवावी लागली. आज कॉलेज दहा मैलांवर आहे आणि ते घडवण्याचं काम आम्ही कारखानदारांनी सोडून दिलं आहे. 'तयार माणूस पाहिजे' अशी जाहिरात देऊन आम्ही एकमेकांचीच माणसं पळवतो.

कायद्याने ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, कंत्राटी माणसं धरून एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के. २०० माणसांच्या कारखान्यात पाच ते तीस. बरेच जण अडीच टक्क्यांची खूण करून मोकळे होतात, आणि काही ठिकाणी तर अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला ऑपरेटर. वर्षभर एकाच मशीनवर जॉब लावा-काढा. असला अप्रेंटिस कागदोपत्री पक्का असतो आणि शिकलेला काहीच नसतो. त्याच्यापेक्षा माझा तो रिजेक्ट जॉबवाला इंटर्न बरा. माझ्याकडे बावीस माणसं आहेत. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला सक्ती नाही, इच्छेवर आहे. गेल्या वर्षी मी एक घेतला, यंदा दोन घेणार.

दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या तर या भागाचं काहीतरी होईल असं मला वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची इंटर्नशिप ज्या कारखान्यात, पदवीनंतरचं अप्रेंटिसचं वर्षही तिथेच. इंटर्नशिपमध्ये मुलगा कारखाना पारखतो आणि कारखाना मुलाला. घराजवळ राहायचं की नाही हे तो तिथेच ठरवतो, प्लेसमेंटच्या दिवशी नाही. पुण्याकडे काही कॉलेजांत प्रॉडक्शनचा सँडविच अभ्यासक्रम होता, मधली सहामाही कारखान्यात. ती कल्पना आमच्या ऊस-फाउंड्रीच्या पट्ट्याला जास्त शोभली असती. पण मग कॉलेजला वेळापत्रक गळिताप्रमाणे वाकवावं लागेल. सगळ्या कॉलेजांनी जूनमध्येच मुलं पाठवायची आणि सगळ्या कारखान्यांनी जूनमध्येच "आत्ता काही बघण्यासारखं नाही" म्हणायचं, हे दरवर्षी चालू आहे.

नावांचा गोंधळ सरकारनेही वाढवला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या नावात इंटर्नशिप आहे, पण सुरू झाली तेव्हा ती बारा महिन्यांची, महिन्याला ५,००० रुपयांची होती, आणि पूर्णवेळ शिकत असलेल्या मुलासाठी नव्हतीच. त्याच वर्षीच्या राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,००० ठरले, पण तीही अप्रेंटिसशिप नव्हे. आणि 'कमवा आणि शिका' तर चौथीच गोष्ट. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत मुलगा काम करायचा तो शिक्षणाचा खर्च निघावा म्हणून. भाऊराव स्वतः कधीकाळी किर्लोस्करांचे नांगर विकत फिरले होते, त्यामुळे कारखाना आणि शाळा दोन्हींची ओळख असलेला तसा माणूस आपल्याकडे पुन्हा झाला नाही, हे जाता जाता.

अण्णा हे सगळं ऐकून घेत होते आणि पेढे मीच खात होतो. शेवटी मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "काका, जूनमध्ये कारखाना बंद असतो म्हणे. मग जाऊ का नको?"

"जा," म्हटलं, "पहिल्याच दिवशी फिटरला विचार, रोलर कधी उतरवणार. त्या दिवशी सुट्टी घेऊ नको. आणि सेफ्टी शूज घाल, पत्रात लिहिलंय."