वरचे-खालचे दात आत्ता टेकलेत का?

माझी भाची गेलं वर्षभर आमच्याकडे नौपाड्यात राहतेय, नीटचा क्लास इथून जवळ पडतो म्हणून. मागच्या आठवड्यात गरम वडापाव आणले तर ही बाई पाव वेगळा, वडा वेगळा, तोही चमच्याने तोडून तोडून खातेय. मला वाटलं काहीतरी नवीन डाएट असेल, तर म्हणाली, "मावशी, तोंडच उघडत नाहीये गं एवढं, आणि उघडलं की कानापाशी टक् वाजतं." आणि खरंच वाजलं की, समोरच्या खुर्चीत मला ऐकू आलं!

घरात लगेच निदानं सुरू. नवऱ्याच्या मते कानात मळ, माझ्या मते अक्कलदाढ, आणि ती रात्री दात खाते हे कळल्यावर माझी आई थेट जंताच्या औषधावर आली. दात खाणं म्हणजे जंत, हे आपल्याकडे घरोघरी इतकं पक्कं बसलंय की त्यावर वाद घालायची सोयच नाही. कानाच्या डॉक्टरांनी बघितलं तर कान स्वच्छ. मग दातांच्या डॉक्टरकडे गेलो, त्यांनी गालावर दोन ठिकाणी दाबलं, ती कळवळली, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "परीक्षा मेमध्ये ना?"

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, बोटाखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटतं ना, तो जबड्याचा सांधा. डावा-उजवा असे दोन, आणि दोघांनी कायम एकत्रच हलायचं. गंमत म्हणजे हा नुसता बिजागरीसारखा फिरत नाही, आधी थोडा फिरतो आणि मग पुढे घसरतो, आणि मध्ये एक छोटी चिवट चकती असते ती त्याच्यासोबत सरकते. ही चकती जागेवरून थोडी पुढे गेली असेल तर तोंड उघडताना सांधा तिच्यावर परत चढतो, तेव्हा तो टक् आवाज येतो. आवाज येतो पण दुखत नाही, असे लोक पुष्कळ असतात आणि त्यांना सहसा काहीच करावं लागत नाही. दुखणं मात्र बऱ्याचदा सांध्यापेक्षा स्नायूंचं असतं, गालातला आणि कानशिलावरचा. दात घट्ट आवळून गालाला हात लावा, टणक गोळा लागतो तोच.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही हे वाचताय तेव्हा तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकलेले नसायला हवेत. निवांत असताना ओठ मिटलेले आणि दातांमध्ये दोनेक मिलिमीटरची फट, हे नॉर्मल. चावणं, गिळणं सगळं धरून दिवसभरात दात एकमेकांना टेकतात ते जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. आणि ही मुलगी फिजिक्सचे न्यूमेरिकल्स सोडवताना तीन-तीन तास दात आवळून बसते, तिला स्वतःला पत्ताच नाही, मी समोर बसून बघितलं तेव्हा कानशिलावरची शीर हलताना दिसली. कुठल्याही स्नायूला तासन्‌तास मूठ आवळल्यासारखं ठेवलं तर तो दुखणारच.

आपल्या भाषेला हे आधीपासून माहितीये असं मला वाटतं. राग आला की आपण दातओठ खातो, भीतीने दातखीळ बसते. ताण आला की शरीर सावध होतं, मारामारी किंवा पळापळ करायची असल्यासारखे स्नायू ताणले जातात, आणि पेपर समोर असताना मारायचं कुणाला आणि पळायचं कुठे, मग तो सगळा जोर जबड्यावर आणि मानेवर निघतो. त्यात झोप पाच तासांची. झोप कमी झाली की दुखणं जास्त जाणवतं, म्हणजे दुखणं तेवढंच पण मेंदू त्याचा आवाज मंडपातल्या स्पीकरसारखा वाढवून ठेवतो. मग दुखतंय म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून चिडचिड, आणि चिडचिड झाली की परत दात आवळणं, म्हणजे नक्की सुरुवात कुठून झाली ते कुणालाच सांगता येत नाही.

डॉक्टर लोकांनाही हे पटायला वेळ लागला बरं का. १९३४ साली अमेरिकेत कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने या दुखण्याचा दोष पडलेल्या दातांवर आणि बिघडलेल्या चाव्यावर, म्हणजे वरचे-खालचे दात नीट न जुळण्यावर, टाकला, आणि पुढे कित्येक वर्षं लोकांचे चांगले दात तासून चावा नीट करायचे उद्योग चालले. १९६९ मध्ये जबड्याचे सर्जन लास्किन यांनी स्नायू आणि मानसिक ताण मध्यभागी आणले. आज २०१४ पासूनच्या ज्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने याचं निदान होतं तिच्यात जबड्याच्या तपासणीसोबत चिंता आणि नैराश्याची प्रश्नावलीसुद्धा भरून घेतात.

ताण आणि जबडादुखीचा संबंध शोधणारे विद्यार्थ्यांवरचे सर्व्हे मात्र जरा जपून वाचायचे. त्यातल्या बऱ्याच सर्व्हेंमध्ये फोन्सेका नावाची १० प्रश्नांची यादी वापरतात, आणि त्यातला एक प्रश्नच असा की तुम्ही स्वतःला टेन्शन घेणारी व्यक्ती समजता का! म्हणजे ताणाचा मार्क आधीच जबड्याच्या मार्कात धरलाय, मग ताण आणि जबडा यांचा संबंध निघाला तर त्यात थोडं नवल कमीच. शिवाय एकदाच विचारून आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. ते कळलं ऑपेरा नावाच्या अमेरिकन अभ्यासातून, त्यात १८ ते ४४ वयाच्या, जबडा तेव्हा ठीक असलेल्या साधारण २,७०० लोकांच्या मागे काही वर्षं राहिले. वर्षाला शंभरात चारेक जणांना हा त्रास नव्याने सुरू झाला, आणि ज्यांना आधीपासून मानसिक त्रास होता किंवा अंगदुखी, पोट बिघडणं, चक्कर अशा भरपूर तक्रारी होत्या त्यांच्यात तो जास्त. म्हणजे संबंध आहे, पण टेन्शन घेतलं की जबडा गेलाच असं काही नाही, आणि "सगळं हिच्या मनाचे खेळ आहेत" असंही नाही, दाबल्यावर ती खरंच कळवळली होती.

उपचाराचं ऐकून आम्ही जरा चकित झालो, कारण मला वाटलं होतं रात्री दातांवर लावायची प्लेट देतील आणि विषय संपेल. प्लेटने दात झिजायचे वाचतात, पण २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट जबडादुखीसाठी ज्या सूचना आल्या त्यात भर आहे तो विचार आणि सवयी बदलायच्या समुपदेशनावर आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या जबड्याच्या व्यायामांवर, प्लेट मागच्या बाकावर. काही नैराश्याच्या गोळ्यांनीही दात आवळले जातात, तेव्हा कुणी घेत असेल तर डॉक्टरला सांगावं, आपल्या मनाने बंद करू नये. आणि तोंड अडकलंच, दोन बोटंही आत जाईनात किंवा सूज-ताप आला तर घरगुती शेक बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे. मनाचंच जड होत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

भाचीला डॉक्टरांनी सांगितलं, अभ्यासाच्या जागी खुणेचे ठिपके लाव, ठिपका दिसला की दात सोडायचे. घरात ठिपके कुठून आणणार, तिने आजीच्या टिकल्या घेतल्या. टेबल लॅम्पवर एक, मोबाइलच्या मागे एक, बायोलॉजीच्या पुस्तकात तर दर धड्याला. आता तिची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात, दुखणं बरंच उतरलंय, टक् अजून वाजतं. आणि आई परवा देवळात जाताना टिकलीचं पाकीट शोधत होती, शेवटी बायोलॉजीच्या पुस्तकातली एक काढून लावली.