आईचं रक्त, बायकोची किडनी

“माझ्या पोटचं लेकरू, अन् माझीच किडनी त्याला चालंना म्हणजे काय?” अंबाजोगाई असो की नांदेड, डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर हा प्रश्न कधी ना कधी ऐकू येतोच. त्यात बाहेरून आलेल्या सुनेची किडनी जुळली, तर सासूला ते पटतच नाही. ‘रक्ताचं नातं’ हा शब्दच इथं आपल्याला चकवतो.

समजा, बापाचा रक्तगट ए आणि आईचा बी. दोघांकडेही एकेक ओचं जनुक दडलेलं. अशा जोडप्याला ए, बी, एबी, ओ यांपैकी कोणत्याही गटाचं मूल होऊ शकतं. प्रत्येकाची शक्यता चारात एक. पोरगा ओ निघाला, की आई-बाप दोघंही त्याच्यासाठी बाद. बायको ओ असली, तर ती निदान पहिल्या चाचणीत पास. पॉझिटिव्ह-निगेटिव्हची चिंता मात्र इथं नको. तो आरएच घटक तांबड्या पेशींवर असतो, किडनीच्या वाहिन्यांवर नाही.

गट म्हणजे शेवटी साखरेचा खेळ. पेशीच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात. ए गटात साखळीच्या टोकाला एक जादा साखर, बी गटात दुसरी, एबीत दोन्ही प्रकारच्या साखळ्या, ओमध्ये टोक मोकळं. कार्ल लँडस्टायनरनं व्हिएन्नात १९०१ साली यातले पहिले तीन गट मांडले (एबी पुढच्या वर्षी सापडला) तेव्हा प्रश्न रक्त चढवण्याचा होता. पण याच साखळ्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतात, आणि किडनी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंताच.

बाळ काही महिन्यांचं होतं तेव्हा आतड्यातल्या जिवाणूंवर तशाच साखरा दिसतात. आपल्याकडे नाही ती साखर परकी, असं शरीर ठरवून टाकतं आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार ठेवतं. ओ गटाच्या माणसात ती ए आणि बी दोन्हींविरुद्ध असतात. त्याला तयारीशिवाय ए गटाची किडनी जोडली, तर रक्त सुरू होताच वाहिन्यांत गुठळ्या होऊन ती काही मिनिटांत निळी पडू शकते. म्हणून ओ गट देताना सगळ्यांना चालतो, घेताना फक्त ओकडून घेतो. प्रतीक्षायादीत ताटकळण्याची पाळी बहुधा त्याच्यावरच येते, आणि यादीतल्या वाटेवर आठवड्याला दोन-तीन वेळा, चार-चार तास डायलिसिसची खुर्ची. गावाहून एसटीनं येणं-जाणं वेगळंच.

गट जुळत नसेल तर रक्तातली प्रतिपिंडं गाळून काढून प्रत्यारोपण करता येतं. जपाननं हा रस्ता १९८० च्या दशकातच धरला, आपल्याकडेही तो आहे. पण खर्च आणि जंतुसंसर्गाचा धोका दोन्ही वाढतात. मला त्यापेक्षा दुसरा मार्ग आवडतो, कारण तो आपल्याला समजावून सांगावा लागत नाही: साटंलोटं! एका घरचा आजारी नवरा ए, किडनी देणारी बायको बी. दुसऱ्या घरी नेमकं उलटं. या घरची किडनी त्या घरी, त्या घरची या घरी. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनं याला जागा मिळाली. शस्त्रक्रिया शक्यतो एकाच दिवशी करतात. का, ते साटंलोटं पाहिलेल्यांना सांगायला नको.

आता एक दुर्मिळ गट. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, की ज्याला ओसुद्धा चालत नव्हतं. ए-बीच्या साखरा ज्या बुंध्यावर बसतात तो ‘एच’ बुंधाच या माणसांत नसतो. हा बॉम्बे रक्तगट. नेहमीच्या तपासणीत तो ओसारखाच दिसतो. रुग्णाचा रक्तद्रव ओच्या पेशींशी मिसळून पाहिला की मगच गुपित फुटतं. हा गट होण्यासाठी आई आणि बाप दोघांकडूनही तेच दडलेलं जनुक यावं लागतं. आपल्याकडे मामाची पोरगी करायची चाल जुनी. एकाच आज्याकडून आलेलं जनुक दोन्ही बाजूंनी खाली उतरायला तेवढं पुरतं.

अशा रुग्णाची किडनी गेली तर सून बहुधा उपयोगाची नाही, आणि ओ गटाचा मित्रही नाही. तिथं मात्र डॉक्टर आधी सख्ख्या भावंडांना बोलावतात. त्यांच्यात हा गट निघण्याची शक्यता चारात एक असते.