पक्षाघात-निदानसाहाय्य प्रणालींची चाचणी

पक्षाघाताचे (लकव्याचे) निदान करताना शिकाऊ डॉक्टरांना मदत करणारे सॉफ्टवेअर किती अचूक, सुरक्षित आणि उपयोगी आहे, हे वापरात आणण्यापूर्वी पडताळून पाहण्याची प्रक्रिया. रुग्णाची लक्षणे, ती सुरू झाल्याची वेळ, तपासणी आणि मेंदूचा सीटी स्कॅन यांवरून सॉफ्टवेअर शक्यता सुचवते. निर्णय डॉक्टरच घेतो. त्यामुळे चाचणीत सॉफ्टवेअरइतकेच ते हाती घेणाऱ्या इंटर्नकडेही पाहावे लागते.

बहुतेक रुग्णांत पक्षाघात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडून होतो, उरलेल्यांत ती फुटून. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे ४.५ तासांच्या आत द्यावे लागते. १९९५ च्या अमेरिकी अभ्यासाने ही मर्यादा ३ तास ठरवली होती, २००८ च्या युरोपीय अभ्यासाने ती वाढवली. रक्तस्राव झालेल्या रुग्णाला तेच औषध दिले तर जीव जाऊ शकतो. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय रुग्णालयांत रात्री कॅज्युअल्टीत रुग्णाला आधी भेटतो तो बहुधा इंटर्न किंवा निवासी डॉक्टर. किनवट किंवा पाटोद्याकडून येणाऱ्या रुग्णाचा बराच वेळ वाटेतच गेलेला असतो, म्हणून सॉफ्टवेअरच्या पहिल्या सूचनेला इथे फार वजन येते.

निदानात संगणकाची मदत घेऊन ती पडताळण्याचे एक सुरुवातीचे उदाहरण पोटदुखीचे आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे द डोंबल यांच्या गटाने १९७२ मध्ये तीव्र पोटदुखीच्या ३०४ रुग्णांवर संगणक वापरला. त्याचे निदान ९१.८ टक्के, तर ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के बरोबर आले. पुढे लक्षात आले की ठरावीक छापील फॉर्म शिस्तीने भरल्यानेसुद्धा कनिष्ठ डॉक्टरांचे निदान सुधारते. म्हणून आजही चांगल्या चाचणीत एका गटाला नुसता फॉर्म आणि दुसऱ्याला फॉर्मसह सॉफ्टवेअर दिले जाते. असा गट नसेल, तर श्रेय फॉर्मचे की सॉफ्टवेअरचे हे कळत नाही.

सॉफ्टवेअरचे उत्तर न पाहता मेंदूविकारतज्ज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञ प्रत्येक रुग्णाचे अंतिम निदान ठरवतात आणि त्याच्याशी तुलना होते. नुसती टक्केवारी मात्र फसवी ठरते. समजा, सॉफ्टवेअर ९० टक्के पक्षाघात ओळखते आणि पक्षाघात नसलेल्या ८० टक्के रुग्णांना बरोबर वगळते. मोठ्या रुग्णालयात संशयित म्हणून आलेल्या १,००० जणांत ६०० खरे रुग्ण असतील, तर ६२० इशाऱ्यांपैकी ५४० खरे ठरतील. तेच सॉफ्टवेअर ग्रामीण रुग्णालयात चक्कर, अशक्तपणा घेऊन आलेल्या १,००० जणांवर लावले आणि त्यांत ५० च खरे रुग्ण असले, तर २३५ इशाऱ्यांपैकी फक्त ४५ खरे. इशारे सारखे खोटे निघू लागले की डॉक्टर ते वाचणेच सोडून देतात.

चाचणीसाठी निवडलेले रुग्ण हा या कामाचा गाभा आहे. परदेशी नमुन्यांवर घडलेल्या सॉफ्टवेअरसमोर मराठवाड्यातली कॅज्युअल्टी ठेवायला हवी: जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावून पहाटे पापण्या जड आणि बोलणे अस्पष्ट झालेले, मेंदूतल्या क्षयाच्या गाठीमुळे झटका येऊन गेल्यावर काही वेळ लुळा पडलेला हात, बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत गुठळी झाल्याने डोके दुखून झटके येणारी तरुण आई, मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिल्याने साखर उतरलेले आजोबा. रक्तातील साखर पाहिल्याशिवाय जे सॉफ्टवेअर पुढे जाऊ देते, ते इथेच नापास करावे. लहान मेंदूकडचा पक्षाघातही हवा, कारण तोंड, हात आणि बोलणे एवढ्यावरच भर दिला की तो निसटतो. गुठळीच्या पक्षाघातात पहिल्या काही तासांत सीटी जवळजवळ स्वच्छ दिसू शकतो. ‘स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही’ याचा अर्थ इंटर्न ‘पक्षाघात नाही’ असा तर घेत नाही ना, हे मुद्दाम तपासावे लागते.

वेळेचा प्रश्न याहून नाजूक. नातेवाईक ‘दिवस मावळायला वारं गेलं अंगावरून’ असे सांगतात, सॉफ्टवेअर तास-मिनिटे मागते. रात्री १० ला धडधाकट झोपलेला माणूस पहाटे ५ ला उठला आणि हात उचलेना, तर वेळ १० पासून मोजायची, कारण तो शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हाच. सॉफ्टवेअरने ५ ही वेळ मुकाट्याने स्वीकारली, तर रुग्ण औषधाच्या मुदतीत असल्याचा खोटा भास होतो. इतर मोजमापांत अशी चूक झाकली जाते, म्हणून ती वेगळी नोंदवावी.

शिकाऊ डॉक्टरांना काही प्रकरणे सॉफ्टवेअरविना आणि काही त्याच्यासह सोडवायला देतात. कोणाला आधी काय मिळेल, हे चिठ्ठ्यांनी ठरते. त्यांत जाणूनबुजून काही चुकीच्या सूचना पेरलेल्या असतात. बरोबर उत्तर सुचलेले असतानाही पडद्यावर वेगळे दिसले म्हणून ते बदलणारे किती, हा आकडा माझ्या मते अचूकतेच्या टक्केवारीहून महत्त्वाचा आहे. काही आठवड्यांनी सॉफ्टवेअर काढून घेऊन त्याच डॉक्टरांची पुन्हा परीक्षा घेतली, तर त्यांचे स्वतःचे कौशल्य वाढले की गंजले ते समजते.

यानंतर मूक चाचणी होते: सॉफ्टवेअर खऱ्या रुग्णांवर चालते, पण त्याचे उत्तर डॉक्टरांना दिसत नाही, फक्त नोंदले जाते. भारतात निदानासाठीचे सॉफ्टवेअर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येते आणि आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. रुग्ण बोलू शकत नसेल तर संमती नातेवाइकांकडून, त्यांना कळेल अशा मराठीत, दख्खनीत किंवा बंजारा बोलीत घ्यावी लागते. संमती नाकारली तरी उपचारात एका मिनिटाचाही फरक पडता कामा नये.